आधी जागा बघा, मग गुलाब

नाशिकला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत, हे इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्या भरवशावर आपल्याही अंगणात गुलाब आपसूक फुलणार असं वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं. सिडकोतल्या रो हाउसमध्ये राहायला आलो, त्या जानेवारीत मी एका प्रदर्शनातून अकरा कलमं उचलून आणली. सगळी फुललेली, सगळी तजेलदार. गणपती बसले तेव्हा त्यातली चार उरली होती, आणि त्या चारांतल्या दोघांच्या नुसत्या काटेरी काड्या झाल्या होत्या.

विकणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. जानेवारीत नाशिकमध्ये कुठलाही गुलाब देखणाच दिसतो. रात्री थंडी, दिवसा कोवळं ऊन, हवा कोरडी; गुलाबाला आणखी काय हवं? त्याची परीक्षा असते जुलै-ऑगस्टात. आठ-आठ दिवस ऊन नाही, पानं ओली आणि मुळाशी काळ्या मातीचा चिखल. त्या दोन महिन्यांत जो टिकतो, तोच पुढच्या हिवाळ्यात फुलतो. म्हणून कुठला गुलाब घ्यायचा हे नर्सरीत उभं राहून ठरवू नका. ते घरी, अंगणात उभं राहून ठरवायचं.

ऊन मोजा, पण डिसेंबरच्या हिशेबाने

गुलाबाला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. नवखा माणूस हे ऊन मे महिन्यात मोजतो आणि फसतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या विशीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि घराच्या उत्तरेकडची बाजूसुद्धा उन्हाने तापते. गुलाबाचा मोसम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. डिसेंबरच्या विशीत भर दुपारीही पाच फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ पावणेपाच फूट पडते. म्हणजे दक्षिणेच्या कंपाउंडला आतून चिकटून वाफा केला, तर ऐन बहरात तो सगळा सावलीत जाणार. माझे पहिले सहा गुलाब नेमके तिथेच होते.

दार उत्तरेला आणि घर दोन मजली असेल, तर पुढचं छोटं अंगण हिवाळाभर घराच्याच सावलीत राहतं. तिथे गुलाबाचा हट्ट सोडा, गच्चीवर कुंड्या ठेवा. पुढच्या अंगणात दुसरं काही लावता येईल.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी खडूने सावलीची कड आखून ठेवा. डिसेंबरात आखता आलं तर उत्तम. दुसऱ्या महिन्यात आखत असाल तर दक्षिणेच्या भिंतीपासून तिच्या उंचीएवढं अंतर सोडा, चूक होणार नाही.

ऊन कुठल्या वेळचं, यालाही महत्त्व आहे. पूर्वेचं सकाळचं ऊन सगळ्यांत चांगलं, कारण रात्रीचं दव आणि पावसाचं पाणी पानावरून लवकर वाळतं. पानावरच्या काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं राहावं लागतं. सकाळी ऊन आलं की तिचा डाव मोडतो. पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा एप्रिल-मेमध्ये भट्टी होते. पारा चाळिशीला टेकला की गडद लाल, मखमली फुलांच्या पाकळ्यांच्या कडा तिथे करपून काळ्या पडतात. अशी एकच जागा असेल तर तिथे फिकट रंगाचे गुलाब लावा.

खड्ड्यात पाणी ओतून बघा

दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी दिसलं, तर त्या खड्ड्यात गुलाब लावणं म्हणजे त्याला बादलीत उभं करणं.

काळ्या मातीत ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण खड्डा खणतो, त्यात शेणखत, पोयटा, वाळू असं छान भुसभुशीत मिश्रण भरतो आणि खूश होतो. पण भोवतीची माती चिकणच असते. पावसाचं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात गोळा होतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. माती जितकी मेहनतीने सुधारली तितकं ते डबकं मोठं. यावर उपाय खाली खणण्याचा नाही, वर चढवण्याचा आहे. नऊ इंच ते एक फूट उंचीचा गादीवाफा करा, कडेला विटा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे लावा. त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या अंगाला राहत असाल तर गादीवाफ्याशिवाय गुलाब लावूच नका, तिकडचा पाऊस वेगळाच. सिन्नर-निफाडकडे पाऊस कमी, तिथे जमीन मुरमाड असेल तर साधा खड्डाही चालतो. तिथे उलट पाणी धरून ठेवायची काळजी.

रो हाउसवाल्यांसाठी आणखी एक. अंगणात वरची सहा इंच माती काळी दिसते, खाली मात्र प्लास्टरचे पोपडे, विटांचे तुकडे, सिमेंट असा राडारोडा निघतो. आमच्याकडे दोन पाट्या निघाला. आपल्या काळ्या मातीत आधीच चुनखडी, त्यात ही भर. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला लोह मिळत नसल्याची ती खूण. लोक हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालतात, थोडा गुणही येतो, पण राडारोडा तसाच राहिला तर दर दोन महिन्यांनी हिराकस घालत बसावं लागतं. आधी तो काढा.

आता जातीकडे वळा

नर्सरीत गुलाब पुस्तकातल्या नावांनी मिळतीलच असं नाही. चिठ्ठीवर ‘लाल’, ‘केशरी’, ‘डबल कलर’ एवढंच असतं, आणि नाव लिहिलेलं असलं तरी ते खरं असेलच असं नाही. त्यामुळे नावाआधी प्रकार ओळखायला शिका.

एका दांड्यावर एक मोठं, टोकदार कळीचं फूल येतं तो हायब्रीड टी. गुच्छाने फुलतो तो फ्लोरिबंडा. फूल लहान, पण झाडावर सतत काहीतरी असतं. ‘बटन गुलाब’ मागितलात की मिनिएचर पुढे येतील. वेल गुलाब म्हणजे क्लाइंबर. गावठी गुलाब म्हणजे फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा, हातात घेतला की वास बोटांना राहणारा. आणि ‘डच गुलाब’ म्हणजे फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबाच्या जाती.

या डच गुलाबांचा मोह आधी बाजूला ठेवा. दिंडोरीच्या वाटेवर जानोरी-मोहाडीकडे पॉलीहाऊसमध्ये ते काय सुरेख येतात! पण तिथे त्यांच्या पानावर पावसाचा थेंब पडत नाही, खत-पाणी ठिबकमधून मोजून मिळतं आणि रोज माणसाची नजर असते. दांडा लांब असावा, फूल आठवडाभर फुलदाणीत टिकावं, यासाठी त्या जाती निवडलेल्या असतात. उघड्या अंगणातल्या आषाढासाठी त्यांची निवड झालेलीच नसते.

मग सुरुवात कशाने करावी? माझं मत विचाराल तर पाच झाडांनी, त्याहून जास्त नकोत.

पहिला ग्लॅडिएटर. महाराष्ट्रात उघड्या शेतात हार-गुच्छांसाठी वर्षानुवर्षं लावला जाणारा हा गुलाब. रंग लालसर गुलाबी, फूल मोठं, झाड दणकट. बागेतले जाणकार त्याला फारसा भाव देत नाहीत, कारण तो सगळीकडे दिसतो. सगळीकडे दिसतो तो टिकतो म्हणूनच.

दुसरा क्वीन एलिझाबेथ. १९५४ पासूनची जुनी जात, गुलाबी, उंच. सहज पाच-सहा फूट जाते आणि काटे कमी. मागच्या रांगेसाठी याहून सोपी जात मला माहीत नाही.

तिसरा आइसबर्ग, १९५८ सालचा पांढरा फ्लोरिबंडा. डिसेंबरातल्या गार रात्रींनी कळीवर कधीकधी गुलाबी झाक येते. नवखे लोक तो रोग समजून औषध शोधायला निघतात. काही नाही, ती थंडी आहे. पावसात याच्या खालच्या पानांवर ठिपके पडतात, पण झाड हार मानत नाही.

चौथा गावठी. कलम असो वा साधी फांदी लावलेली, जमीन धरली की तो दहा-दहा वर्षं हलत नाही. गुलकंद, देवाची फुलं आणि वास, तिन्ही गोष्टींत त्याला तोड नाही. पाचवा कुठलाही बटन गुलाब, रंग तुमच्या आवडीचा.

पिवळा का नाही, हे सगळे विचारतात, म्हणून त्याची कथा सांगते. जुन्या बागांतल्या बारमाही गुलाबांत गडद पिवळा रंग नव्हताच. फ्रान्समधल्या जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी पश्चिम आशियातल्या एका पिवळ्या रानगुलाबाच्या वंशातून १९०० साली ‘सोलेल दोर’ नावाचा गुलाब बाजारात आणला, आणि त्याच्या रक्तातून पुढे पिवळे, केशरी, तांबूस असे कितीतरी रंग आले. पण त्या रानगुलाबाकडून रंगासोबत काळ्या ठिपक्यांना बळी पडायची खोडही आली. त्याच्या मूळच्या कोरड्या मुलखात तिने काही बिघडत नव्हतं, आपल्या जुलैत बिघडतं. नवे पिवळे गुलाब बरेच सुधारलेत, पण ऑगस्टात माझ्या बागेत पहिलं बोडकं होणारं झाड अजूनही पिवळंच असतं. पिवळा हवाच असेल तर तो एकच घ्या आणि त्याला सगळ्यांत उघडी, वाऱ्याची, पूर्वेची जागा द्या.

वासासाठी लोक पापा मेलांद किंवा डबल डिलाइट घेतात. दोन्हींचा वास जीव ओवाळून टाकावा असा. पण दोन्हींवर हिवाळ्यात भुरी, म्हणजे पानावरची पांढरी पिठासारखी बुरशी, लवकर येते, म्हणून ही दुसऱ्या वर्षाची झाडं. डबल डिलाइटची एक गंमत आहे. सायीच्या रंगाच्या फुलावर जी लाल कड चढते, ती उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. काचेच्या गॅलरीत ठेवलंत तर फूल फिकटच राहणार, आणि मग नर्सरीवाल्याने फसवलं म्हणून त्याच्याशी भांडण होणार.

आपल्याकडच्या जाती मिळाल्या तर जरूर घ्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. बी. पी. पाल आणि त्यांच्यानंतरच्या लोकांनी मोहिनी, हिमांगिनी, अभिसारिका अशा जाती तयार केल्या. मोहिनीचा तपकिरी चॉकलेटी रंग बघून पाहुणे हटकून थांबतात. नाशिकमध्ये त्या शोधाव्या लागतात, हे खरं.

कोण कुठे उभा राहील

आधी हे ठरवा की तुम्ही बाग कुठून बघणार. ओसरीवरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून की फाटकातून येताना? त्या जागेवरून मागे उंच, पुढे बुटके. पण हे उन्हाशी जुळलं पाहिजे. उंच झाड उत्तरेला, बुटकं दक्षिणेला, नाहीतर हिवाळ्यात क्वीन एलिझाबेथची सावली बटन गुलाबांवर पडते. दोन्ही जुळत नसेल तर ऊन सांभाळा, नजरेला सवय होते.

अंतराबाबत कंजूषपणा करू नका. हायब्रीड टी दोन ते अडीच फुटांवर, क्वीन एलिझाबेथसारखे उंच तीन फुटांवर, फ्लोरिबंडा दीड-दोन फुटांवर, बटन एक फुटावर. पहिल्या वर्षी वाफा ओकाबोका दिसतो आणि शेजारच्या काकू विचारतात, ‘मध्ये झेंडू का नाही लावत?’ लावू नका. ती मोकळी जागा हवेसाठी आहे; दाटी झाली की पावसाळ्यात पानं वाळत नाहीत. दक्षिण सोडून बाकी बाजूंच्या कंपाउंडपासून दीड फूट आणि आंबा, शेवगा, अशोक यांच्या घेरापासून पूर्ण लांब. मोठ्या झाडाची मुळं गादीवाफ्यात शिरली की खत आपण गुलाबाला घालतो आणि खातो शेवगा.

काट्यांचाही विचार हवा. पायवाटेपासून, गाडी लावायच्या जागेपासून, कपडे वाळत घालायच्या दोरीपासून अडीच फूट सोडा. माझ्या एका बऱ्या साडीचा त्यात बळी गेलाय.

तुळस आणि कढीपत्ता गुलाबाच्या शेजारी नकोत. गुलाबावर कधी ना कधी काहीतरी फवारावं लागतं, आणि ते तुमच्या फोडणीत किंवा चहात यायला नको. याच कारणाने गुलकंदाचा गावठी गुलाबही वेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि त्याला औषध मारू नका.

रंगांबद्दल दोनच गोष्टी. गडद लाल फूल काळ्या दगडी भिंतीपुढे संध्याकाळी दिसेनासं होतं, त्याला पांढरी भिंत हवी. आणि संध्याकाळी कामावरून घरी येणाऱ्याला दिसतो तो पांढरा, म्हणून आइसबर्ग फाटकाजवळ. वासाचा गुलाब बसायच्या जागेजवळ, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा.

वेल गुलाबाला पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा झोडपतो, म्हणून घराच्या पूर्वेच्या किंवा आडोशाच्या बाजूला जाळी लावा. क्लाइंबिंग आइसबर्ग नवख्यांना चांगला. त्याच्या फांद्या सरळ वर जाऊ दिल्या तर फुलं फक्त शेंड्याला, शेजाऱ्यांच्या गच्चीला. फांदी आडवी वाकवून बांधली की डोळ्या-डोळ्यातून फुटवा येतो आणि फुलं आपल्या बाजूला येतात.

द्राक्षबागेत ओळींच्या टोकाला गुलाब लावलेला तुम्ही पाहिला असेल. ती मूळची युरोपातली रीत: गुलाबावर भुरी आधी दिसावी आणि बागायतदार सावध व्हावा. दोन्हींची भुरी वेगवेगळी असते, एकाची दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा शेजारी द्राक्षबाग असली तरी गुलाब लावायला भिऊ नका.

खरेदी सप्टेंबरात

प्रदर्शनातून नावं टिपून आणा, फोटो काढा, झाड आणू नका. नर्सरीत जा ते सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरताना. तेव्हा फुलं नसतात, झाडं मरगळलेली असतात आणि नर्सरीवाला म्हणतो, ‘ताई, दिवाळीनंतर या, भारी माल येईल.’ त्याचं ऐकू नका. चार महिने पाऊस खाऊन ज्या झाडावर अजून निम्मी पानं आहेत, ते तुमचं झाड. जानेवारीत ही निवड करताच येत नाही, कारण तेव्हा सगळेच सारखे हसत असतात.

झाड हातात घेतलं की खाली डोळा भरलेला सांधा शोधा, म्हणजे रानटी खुंटावर चांगल्या जातीचं कलम जिथे जोडलंय ती जागा. त्याच्या वरून पेन्सिलीएवढ्या जाड दोन-तीन फांद्या निघालेल्या हव्यात. सांध्याच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, रानटी. ती जोमाने वाढते, सुंदर दिसते आणि सगळं अन्न खाते. असं झाड नको. लावल्यावर अशी फूट दिसली तर कात्रीने न कापता बुडापासून ओढून काढा.

लावणी

ऑक्टोबर ते डिसेंबर हा उत्तम काळ. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा किंवा गादीवाफ्यात तेवढी जागा. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. पिशवी फाडताना आतला लाल मातीचा गोळा बघा. तो विटेसारखा घट्ट असेल तर आधी बादलीत भिजवून कडेची माती हलक्या हाताने सैल करा. नाहीतर भोवतीची काळी माती ओली आणि आतला गोळा कोरडा, अशी फसगत होते.

सांधा मातीच्या वर दोन बोटं राहिला पाहिजे. परदेशी व्हिडिओत तो मातीखाली पुरायला सांगतात, कारण तिथे बर्फापासून वाचवायचा असतो. आपल्याकडे पुरला तर पावसाळ्यात कुजतो. वरून उसाचं पाचट किंवा वाळला पाला पसरा, म्हणजे उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडून मुळं तुटणार नाहीत. पाचट सांध्याला टेकू देऊ नका. पहिल्या दोन महिन्यांतल्या कळ्या खुडून टाका. जिवावर येतं, पण खुडा.

छाटणीसाठी वेगळं पंचांग लागत नाही. ऑक्टोबरात द्राक्षवाल्यांची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, सुरू झाली की आपलीही कात्री काढायची. छाटल्यावर साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी फुलं येतात. नव्या झाडाला पहिल्या वर्षी फक्त वाळक्या काड्या काढा, आणि वेल गुलाबाला दोन वर्षं हात लावू नका.

जागा चुकली तर

चुकतेच. एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा बघा. झाड एका बाजूला लांबत असेल, दांडे बारीक आणि फुलं मोजकी असतील, तर ऊन कमी पडतंय. नोव्हेंबरात निम्मं छाटून, आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन, मुळांभोवती फूटभर रुंदीचा मातीचा गोळा ठेवून उचला आणि नव्या जागी त्याच दिवशी लावा. आठवडाभर दुपारी गोणपाटाची सावली करा. तीन-चार वर्षांच्या झाडापर्यंत हे जमतं, पुढे अवघड. माझा डबल डिलाइट दोनदा हलला आहे. आता तो गच्चीच्या जिन्यापाशी पूर्वेला उभा आहे, आणि भुरी त्याला अजूनही धरते.